पेटीच्या घशाचं औषध

मी ज्येष्ठमधाचा काढा हवेत तुषार सोडणाऱ्या यंत्रात ओतला आणि बहिणीची बाजाची पेटी बंद पाडली.

एवढ्यावर थांबलो असतो तर ही गोष्ट मी केव्हाच चारचौघांत सांगून टाकली असती. माझ्या फजित्या मीच विकत आलोय. चुकीच्या लग्नात जेवून, नवरानवरीला आशीर्वाद देऊन, वर त्यांच्याबरोबर फोटो काढून आलेला माणूस आहे मी. तो किस्सा मी इतक्यांदा सांगितलाय की ती नवरीसुद्धा आता ओळख दाखवते. पण पेटीचा किस्सा वर्षभर कोणाला सांगितला नाही. का, ते पुढे कळेल.

आधी एक कबुली. मी हायस्कुलात चौतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. ही माहिती लपवता आली असती तर बरं झालं असतं.

तमिळ मुलखातल्या मेलकावेरीच्या आमच्या घरात तेव्हा तिघं होतो: मी, बायको आणि माझ्याहून सहा वर्षांनी मोठी अक्का. मेहुणे गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली ती एक ट्रंक आणि एक पेटी घेऊन. ट्रंक माळ्यावर गेली, पेटी मधल्या खोलीत. पिढ्यान्पिढ्या इकडेच राहिल्यानं आमच्या घरची मराठी म्हणजे पुण्याचे पाहुणे तोंडावर रुमाल धरून ऐकतात ती. बखरीतला कोणी कारकून उठून बोलायला लागला असं त्यांना वाटतं म्हणे. पण अक्का त्याच मराठीच्या जोरावर दहाबारा तमिळ बायकांना अभंग शिकवायची. शब्दांचा अर्थ सांगायची, उच्चार घासून घ्यायची, आणि दर एकादशीला त्या सगळ्यांना घेऊन गोविंदपुरम्‌च्या भजनाला जायची. तिथं ती वीस वर्षं दुसऱ्या रांगेत बसली. पुढचा म्हणायचा, ही मागून म्हणायची.

त्या वर्षी तिला सांगण्यात आलं की पुढच्या एकादशीला अर्धा तास तुमचा एकटीचा. पेटी तुमची, अभंग तुम्हीच निवडा.

ही बातमी तिनं आम्हाला कशी सांगितली? वालाच्या शेंगा मोडता मोडता. गॅसचा सिलिंडर आला असं सांगावं तशी. पण दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला मधल्या खोलीत सूर लागायला लागला आणि मला कळलं की बाईच्या अंगात वीज शिरलीय. तिला एकटीला अर्धा तास आजवर कोणी दिला नव्हता. मेहुण्यांनी दिला नव्हता, मीही दिला नव्हता. आमच्याकडे ती बोलायला लागली की मी पेपर उघडत असे.

पेटी तिनं आधीच सुंदरपेरुमाळ कोयिल नावाच्या गावाला पाठवून नीट करून आणली होती. तिथले एक म्हातारे गृहस्थ भातशेती करतात आणि शेतीतून सवड मिळाली की ओसरीवर पेट्या दुरुस्त करतात. आसपासच्या सगळ्या भजनवाल्यांच्या पेट्या त्यांच्याच हाताखालून जातात. त्यांनी आतल्या पितळी जिभल्या, म्हणजे ज्या थरथरल्या की सूर निघतो ती रीडं, एकेक काढून घासली, सूर जुळवले, भात्याचं चामडं बदललं. पेटी परत आली तेव्हा अक्का नुसता एक षड्ज धरून किती तरी वेळ बसली होती.

आता माझा प्रवेश.

वैशाखातला उकाडा. मधल्या खोलीत एसी लावल्याशिवाय बसवत नव्हतं, आणि एसीनं अक्काचा घसा कोरडा पडत होता. तिसऱ्याचौथ्या अभंगाला आवाज खरखरायला लागायचा. बेंगळुरूच्या आमच्या मुलीनं मागे एक यंत्र पाठवलं होतं, खोलीतली हवा दमट ठेवणारं. पांढरं, तांब्याच्या आकाराचं. वरच्या चोचीतून अखंड धुकं निघतं. मी ते काढलं, पुसलं आणि पेटीच्या शेजारी स्टुलावर ठेवलं.

"हें काय रे धूर सोडतंय?" अक्का म्हणाली.

"धूर नाही, अक्का. पाणी."

"पाणी तर तापलंच नाहीं."

हे तिनं म्हणायला नको होतं. कारण मी फळा नसलेल्या खोलीत हवेत बोटानं आकृती काढून तिला सगळं सांगितलं. तळाशी नाण्याएवढी चकती असते. वीज दिली की ती सेकंदाला लाखो वेळा थरथरते, इतकी की त्या थरथरीचा आवाज माणसाच्या कानाच्या आवाक्यातच येत नाही. ती थरथर पाण्यातून वर चढते, पाण्याच्या पाठीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या लाटांची दाटी होते, आणि त्या लाटांचे शेंडे तुटून उडतात. ते शेंडे म्हणजे हे धुकं. उकळणं नाही, तापणं नाही. पाणी नुसतं फोडून बारीक केलेलं.

सगळं अगदी बरोबर सांगितलं. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले असते. आणि त्यातून काय निघतं हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

दोन दिवस साध्या पाण्यावर यंत्र चाललं. आमचं बोअरचं पाणी जड. दुसऱ्या दिवशी आरशावर, टीव्हीवर, खुर्चीच्या हातांवर पांढरी भुकटी दिसली. समोरच्या घराचं बांधकाम चालू होतं. मी गॅलरीत जाऊन तिथल्या गवंड्याला दोन शब्द सुनावले. त्यानं बिचाऱ्यानं आपल्या बाजूला ताडपत्री बांधली. भुकटी यायची ती येतच राहिली.

तिसऱ्या दिवशी मला आमच्या आईच्या काढ्याची आठवण झाली. घसा बसला की आई पितळी पातेल्यात ज्येष्ठमध, मिरी आणि ताडाची खडीसाखर, म्हणजे आमचं पनंकल्कंडु, टाकून उकळायची आणि डोक्यावरून घोंगडी घालून वाफ घ्यायला बसवायची. वाफ घेऊन झाली की पातेल्याच्या तळाशी दाट गोड पाक उरायचा. तो चाटण्यावरून अक्काची न् माझी मारामारी व्हायची. साखर वाफेबरोबर उडत नाही, तळाशीच राहते, याचा पुरावा मी वयाच्या सातव्या वर्षी जिभेनं गोळा केला होता. पुढे चौतीस वर्षं तोच धडा ऊर्ध्वपातन या नावानं मुलांना शिकवला. आणि त्रेसष्टाव्या वर्षी मला वाटलं, आईचा काढा या यंत्रात घातला तर औषधाचा गुण तेवढा वर येईल.

काढा केला, थंड केला, गाळला, ओतला. काढ्याच्या मधोमध फक्त एक उंचवटा उठला, धुकं नाही. मी विचार केला, दाट आहे, चकतीला फोडवत नाही. पाणी घालून पातळ केलं. आणि काय सांगू, सुंदर धुकं निघालं! खोलीत ज्येष्ठमधाचा वास पसरला.

बायको दारात उभी राहून म्हणाली, "ह्या यंत्राबरोबर एक कागद आला होता. त्यात नुसतं पाणी घाला असं लिहिलंय."

"ते अडाणी लोकांसाठी लिहितात," मी म्हणालो.

अक्काला मात्र बरं वाटत होतं. तोंडाला गोड लागतंय म्हणाली. त्या वाक्यावर तरी मी जागा व्हायला हवा होतो! वाफ गोड लागते का कधी? पण स्तुती ऐकताना माणूस ज्या तोंडानं बसतो त्या तोंडानं मी बसलो होतो.

पुढचे दहा दिवस रोज सकाळी यंत्र पेटीला टेकून चालू राहिलं. पेटीला श्वास घ्यावा लागतो हे अजून सांगायचं राहिलं. भाता उघडला की ती खोलीतली हवा आत ओढते आणि तीच हवा रीडांवरून बाहेर सोडते. अक्का दिवसातून दोन तास गात होती आणि तेवढा वेळ पेटी काढ्याचं धुकं पोटभर ओढून घेत होती. घशाचा उपचार इतका मन लावून दुसऱ्या कोणी घेतला नसेल. माझा चष्मा चिकट व्हायला लागला. देवाच्या तसबिरींवर मुंग्या आल्या. बायकोनं हळदीची रेघ ओढली. शेवटच्या दोन दिवसांत पेटीच्या एकदोन पट्ट्या जरा उशिरा वर येतात असं अक्का म्हणाली. "नवीन चामडं आहे, मोकळं होईल," मी म्हणालो. मला चामड्यातलं काय कळतं?

एकादशीला आम्ही रिक्षानं गोविंदपुरम्‌ला गेलो. पेटी माझ्या मांडीवर. अक्कानं गडद हिरवी कोयंबतूर साडी नेसली होती.

तिचं नाव पुकारलं. ती पुढे गेली, पहिल्यांदाच पहिल्या रांगेच्याही पुढे. तिच्या शिष्या मागे बसल्या. भाता हलला, षड्ज लागला. पहिला अभंग दोन ओळी गेला आणि पंचम बोललाच नाही. पट्टी दाबली जात होती, आतून नुसती हवा. अक्कानं सावरून घेतलं. मग वरचा षड्ज दाबला तो वर येईना. एकच सूर, तार, अखंड, रिक्षाचा हॉर्न अडकावा तसा. तिनं नखानं पट्टी उचलायचा प्रयत्न केला. मृदंगवाले थांबले. कोणीतरी हसलं, वाईट हेतूनं नाही, पण हसलं. तिनं भाता बंद केला आणि पेटीशिवाय अभंग पुरा केला. मग हात जोडले आणि उठली. अर्ध्या तासातली जेमतेम दहा मिनिटं झाली असतील. उरलेली तिनं परत केली.

मी पेटी उचलायला पुढे गेलो. भात्याच्या घडीतून मुंग्यांची एक बारीक रांग शिस्तीत बाहेर निघत होती. त्या क्षणी मला सगळं समजलं. आरशावरची भुकटी, चष्मा, तसबिरी, गोड तोंड. थेंब उडतो तेव्हा त्यात जे विरघळलेलं असतं तेही त्याच्याबरोबर उडतं. पाणी हवेत सुकून जातं आणि बाकीचं जिथं बसेल तिथं बसतं. मी मुंग्या उपरण्यानं झटकल्या आणि पेटीवर कापड टाकलं.

परतीच्या रिक्षात बसलो. मग अक्का म्हणाली, "आत्तांच तर नीट करून आणली होती. काय केलं असेल त्यांनीं?"

इथं माझी पाळी होती. दोन शब्दांचं काम होतं. आणि मी म्हणालो, "म्हातारे झाले गं ते. मागे पाहिलं होतं मी, हात कापतात त्यांचे."

मी काही पाहिलं नव्हतं. त्या माणसाला मी आयुष्यात कधी भेटलोही नव्हतो. पेटी नेणंआणणं अक्काची एक शिष्या करत असे.

दुसऱ्या दिवशी अक्कानं त्यांना फोन केला. ती कधी कोणाला लावून बोलत नाही, पण त्या दिवशी बोलली. "वीस वर्षांनी एक संधी आली होती हो," म्हणाली, "काम झेपत नसेल तर घेऊ नये माणसानं." पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. फोन ठेवून ती म्हणाली, "पेटी आणून द्या, पाहतो, एवढंच म्हणाले." आणि मग जे व्हायचं ते झालं. भजनातल्या बायकांनी विचारलं, हिनं सांगितलं. दोघींनी त्यांच्याकडे दिलेल्या पेट्या न उघडताच परत मागवल्या. एक तर त्यांच्या शेजारच्या गावची. ज्या माणसाच्या हातावर चार गावांचा विश्वास, त्याचे हात कापतात ही बातमी भजनाच्या वाटेनं गावोगाव निघाली, आणि ती मी सोडली होती.

मी काय केलं? मी प्रयोग केला. सेवानिवृत्त शिक्षकाला पश्चात्ताप झाला की तो आधी खात्री करून घेतो. दोघी देवळात गेल्या तेव्हा डोशाचा काळा तवा धुकं येतं तिथं धरला, सुकू दिला. त्यावर फिकट पिवळसर थर आला. चाटला. गोड. पुन्हा चाटला, तेव्हा बायको छत्री विसरली म्हणून परत आली होती.

"भूक लागलीय तर सांगायचं की," ती म्हणाली.

मी खुलासा केला नाही. तवा चाटणारा नवरा हे रूप मला त्या वेळी सोयीचं वाटलं.

रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. रोज काहीतरी आड यायचं; अक्का कपडे वाळत घालत असायची, अक्का जप करत असायची, अक्का नुसती बसलेली असायची. शेवटचं सगळ्यात अवघड होतं. तिनं पहाटेचा रियाज बंद केला होता. अभंग शिकायला येणाऱ्या बायकांना तिनं उन्हाळ्याची सुटी दिली. मी तिच्यासाठी मोगरा आणला, तिला आवडतो तो मुरुक्कु, म्हणजे इकडची चकली, आणला, ती बोलायला लागली की पेपर खाली ठेवायला लागलो. ती बायकोला म्हणाली, "ह्याला बरं नाहीं काय गं?"

आठव्या दिवशी मी पेटी उचलली आणि "मीच घेऊन जातो" म्हणून पॅसेंजरनं सुंदरपेरुमाळ कोयिलला गेलो. बेत असा होता: गुपचूप साफ करून घ्यायची, त्यांना म्हणायचं उंदीरबिंदीर शिरला असेल, आणि घरी येऊन म्हणायचं की तुमची चूक नव्हती असं मीच त्यांना सांगून आलो. म्हणजे सगळ्यांत चांगला पुन्हा मीच.

ओसरीवर गृहस्थ बसले होते. सडसडीत, सत्तरीच्या पुढचे, कपाळाला विभूती. पुढे एकही पेटी नव्हती. त्यांनी मला बसायला चटई दिली, ताक दिलं, आणि मग स्क्रू काढून आतली फळी उघडली. चिमट्यानं एक रीड उचललं. मी त्यांचे हात पाहत होतो. केसाएवढ्या जिभलीच्या टोकाला त्यांनी कुंचला लावला, उजेडात धरला, उलटा केला. हात दगडासारखा स्थिर.

त्यांनी करंगळी रीडावर फिरवली आणि जिभेला लावली. विचार केला. पुन्हा लावली.

"सार्," ते म्हणाले, "हे पनंकल्कंडु आहे. आणि अदिमधुरम्. पेटीला खोकला झाला होता का?"

अदिमधुरम् म्हणजे ज्येष्ठमध. मग मात्र सांगितलं. यंत्र, काढा, भाता, मुंग्या, सगळं. मान खाली घालून. चकती कशी थरथरते हेही सांगत होतो, ते त्यांनी हातानं थांबवलं.

"हे अम्मांना माहीत आहे?"

"नाही."

"फोन लावा. माझ्यासमोर. आवाज मोठा ठेवा."

लावला. मी आमच्या घरच्या मराठीत सुरुवात केली. सवयीनं केली असं म्हणता येईल, पण खरं ते लिहितो: त्यांना कळू नये म्हणून केली. "अक्का, पेटीचं तें, त्यांची चूक नाहीं. माझा काढा आंत गेला." सगळं मराठीत उरकलं.

"ते तिथं आहेत?" अक्कानं मराठीतच विचारलं.

"समोर बसलेत."

त्यावर अक्का तमिळमध्ये बोलायला लागली, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, जसं ती वर्गात उच्चार घासून घेते तसं. आधी त्यांच्याशी. "ऐया, मी तुम्हाला वाटेल तसं बोलले, मला क्षमा करा. ज्या बायकांना मी तुमच्याबद्दल सांगितलं त्या प्रत्येकीच्या घरी मी आज स्वतः जाते. फोनवर नाही सांगणार."

"असू द्या अम्मा," ते म्हणाले. "पेटी संध्याकाळपर्यंत होते. स्पिरिटनं पुसली की सूर येतील."

"एक विचारू? तुमचे हात कापतात का हो?"

त्यांनी रीड अजून चिमट्यात धरलं होतं. त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाही अम्मा. असं कोण म्हणालं?"

मी फोन उचलायला हात पुढे केला. तोवर अक्का माझ्याशी बोलायला लागली होती, तेही तमिळमध्येच.

"काढा ओतलास तेव्हा मूर्ख होतास, ते मी सोडून देते. पण ह्यांचे हात कापतात असं रिक्षात म्हणालास ना, तेव्हा मूर्ख नव्हतास. तेव्हा तू चांगला शुद्धीवर होतास."